पद्मिनी की एट हंड्रेड : जपायचं काय?

मिस्त्री : मॅडम, या दोन गाड्यांची स्पर्धा लावायला माझा विरोध आहे, आणि तो मी आधीच सांगून टाकतो. मायलेज, पिकअप, स्टिअरिंग फिरवायला लागणारं बळ, उन्हाळ्यात इंजिनचं तापणं, या सगळ्यात मारुती एट हंड्रेड जिंकणार. जिंकायलाच हवी. फियाट अकराशेचा मूळ आराखडा इटलीतला, १९५३ सालचा. आपण जिला पद्मिनी म्हणतो तिचं अंग १९६२ च्या अकराशे-डी मॉडेलचं. सुझुकीची ही गाडी त्यानंतर जवळपास एका पिढीनं जन्मली. म्हणून सरस कोण हे सोडा. आपल्या अर्जुनी मोरगावात, नवेगावबांधला, साकोली-वडशाकडे ज्या थोड्या जुन्या गाड्या उरल्या आहेत, त्यांतल्या कुठल्या गाडीसाठी माणसानं पैसा आणि कष्ट घालावेत, एवढंच विचारा. माझं उत्तर पद्मिनी. चार सिलिंडर, १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची सलग सीट, मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट, मागे पाटे. बॉनेट उघडलं की कुठला भाग काय काम करतो ते दिसतं. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि फीलर गेज एवढ्या सामानावर ही गाडी मी इथं बसून पूर्ण खोलली आहे आणि पुन्हा जोडली आहे. जी यंत्रं आपल्या हातांना कळतात ती आधी जपली पाहिजेत, असं माझं मत.

शिक्षिका : तुमच्या हातांना कळतात हे खरं, काका. पण ती यंत्रं होती कुणाच्या दारात? आपण भंडारा जिल्ह्यात होतो त्या काळाबद्दल बोलतेय मी, गोंदिया जिल्हा झाला १९९९ मध्ये. तेव्हा या तालुक्यात फियाट कुणाकडे असायची? राइस मिलच्या मालकाकडे, एखाद्या डॉक्टरकडे, जंगलाच्या ठेकेदाराकडे. बाकीचं गाव छोट्या लाइनच्या गाडीची वाट बघायचं, नाहीतर एसटीची. फियाट गावातून गेली की लोक बघायचे, बसायचे नाहीत. माझ्यासारखी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई स्वतः गाडी चालवत शाळेत जाईल हे त्या काळात कुणाच्या मनातही आलं नसतं. एट हंड्रेडनं ते घडवलं. मी घेतली ती सेकंड हँड होती, रंग उडालेली होती. पण क्लच हलका, स्टिअरिंग हलकं, वळवायला जागा कमी. शेजारच्या माणसाला हाक न मारता ती सकाळी सुरू व्हायची. गोठणगावच्या रस्त्यानं पावसाळ्यात एकटी जाता येऊ लागलं. तुम्ही यंत्र किती उघडं आहे यावरून मोजता. मी त्यानं किती माणसांना दार उघडलं यावरून मोजते. त्या मोजमापात पद्मिनी फार मागं राहते.

मिस्त्री : राहते, पण तो दोष गाडीच्या माथी मारू नका. वालचंद हिराचंद सोलापूरचे. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि स्वातंत्र्य आलं त्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज गाड्या जोडून निघू लागल्या होत्या. फियाटशी करार झाल्यावर तिथंच फियाट अकराशे बनू लागली आणि हळूहळू तिचे बहुतेक भाग इथंच तयार व्हायला लागले. म्हणजे मुंबईच्या मजुरांनी, मुंबईच्या लेथवर बनवलेली गाडी होती ती. पण किती गाड्या बनवायच्या ते परवाना ठरवायचा. किंमतही सरकार बांधून द्यायचं; तो किमतीचा वाद १९७० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कारखान्याला हजारो गाड्या जास्त काढायच्या असत्या तरी काढता आल्या नसत्या. लोकांना पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघावी लागली ती त्यामुळं. आणि मॅडम, आपल्या माणसांच्या डोक्यात लहान, स्वस्त गाडी नव्हती असं समजू नका. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतः घडवली, तिच्यात सुधारणा करून पुढचे नमुने बनवले, त्यात आयुष्याची वर्षं घातली. कारखान्यात ती कधीच गेली नाही. मीरा रस्त्यावर आली असती तर आज आपण तिसऱ्याच गाडीबद्दल बोलत असतो. तेव्हा पद्मिनी थोड्यांच्याच दारात पोचली याचा जाब दिल्लीला विचारा, कुर्ल्याला नको.

शिक्षिका : दिल्लीला विचारते. पण मग त्याच दिल्लीनं पद्मिनीवर केलेले उपकारही मोजा. इटलीत फियाटनं अकराशेचं उत्पादन १९६९ मध्ये थांबवलं. आपल्याकडे तीच गाडी १९७३ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली, पुढच्या वर्षी प्रीमियर पद्मिनी झाली, आणि २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली. नाव बदललं, ग्रिल बदललं, आतला डॅशबोर्ड बदलला. इंजिन जवळपास तेच. का? कारण बराच काळ घेणाऱ्यापुढं फारशी दुसरी वाट नव्हती. अॅम्बेसेडर घ्या नाहीतर फियाट घ्या. तुम्ही जिला दीर्घायुषी म्हणता ती गाडी बंद दाराआड जगली. आणि दुसरं, थोडं कडू वाटेल, पण बोलते. गावात दुरुस्त होते याचं तुम्हाला कौतुक आहे. तिला गावात इतक्या वेळा दुरुस्त व्हावं का लागायचं, हे तुम्ही सांगत नाही.

मिस्त्री : सांगतो की. लपवायचं काय त्यात? पद्मिनीला दर थोड्या दिवसांनी माणसाचा हात लागायचा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळायचे, ते पॉलिश पेपरनं घासून फटीचं माप लावायचं. कंडेन्सर गेला की गाडी रस्त्यातच बसायची. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला की इंजिन धक्के मारायचं. जेट काढायचा, फुंकर मारायची, लावायचा. किंगपिनला वेळेवर ग्रीस दिलं नाही तर पुढची चाकं डुलायला लागायची. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, ते सतत अॅडजस्ट करायचे. आणि मे महिना! आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पेट्रोल गाडीतल्या पंपातच उकळायचं, त्याची वाफ व्हायची, कार्ब्युरेटरपर्यंत थेंब पोचायचा नाही. तेव्हा ड्रायव्हर रस्त्याकडेच्या बोडीत फडकं भिजवून आणायचा आणि पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचा. थोड्या वेळानं गाडी चालू. आता यात मला दिसतं ते असं : बिघाडाचं कारण मालकाला कळायचं. उपाय त्याच्या हातात होता. चालवणारा माणूस आपल्या यंत्राशी अनोळखी नव्हता. एट हंड्रेडनं बिघाड कमी केले हे मी मान्य करतो, आनंदानं करतो. पण तिनंच मालकाला बॉनेटपासून लांब नेलं. कार्ब्युरेटरच्या एट हंड्रेडपर्यंत तरी ठीक होतं. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला, तेल बदललं की ती कुरकुर न करता चालायची. २००० च्या सुमारास एमपीएफआय आलं, पेट्रोल मोजून द्यायचं काम कॉम्प्युटरकडे गेलं, आणि तिथून पुढं दुरुस्ती म्हणजे भाग काढा, नवा लावा. माझ्याकडे येणारी पोरं आज स्कॅनर जोडतात. स्कॅनर जे सांगेल ते बदलतात. तो गप्प बसला तर त्यांच्या हाताशी काहीच उरत नाही.

शिक्षिका : तुमचं हे सगळं बोलणं गाडी दुरुस्त करणाऱ्याचं आहे काका, आणि त्यात मोठी समज आहे. पण गाडीत मागच्या सीटवर कोण आहे तेही बघा. बाळंतपणाला नेताना साकोलीच्या अलीकडं जंगलात गाडी बसली, तर बिघाडाचं कारण कळलं म्हणून त्या बाईला काय फरक पडतो? झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस आठवा. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की रोज नव्या गावात रात्रभर नाटक. वडशातून निघालेले नट-नट्या रात्री लांबच्या गावाला जायचे, पहाटे परत यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसऱ्या गावाला. अशा माणसांना रात्री दोन वाजता फुंकर मारायला जेट नको असतो. त्यांना सुरू होणारी गाडी हवी असते. चुकूनही न बिघडणारं यंत्र म्हणजे गरिबाची मोठी सोय असते, कारण बिघाडाचा खर्च, वाया गेलेला दिवस आणि रस्त्यातली भीती हे सगळं त्यालाच सर्वांत जड जातं. श्रीमंताच्या फियाटला ड्रायव्हर होता. भिजवलेलं फडकं तो आणायचा, मालक सावलीत बसायचा.

मिस्त्री : ड्रायव्हरचं तुम्ही बोललात ते मला पटलं. त्याच्याकडे मी असं पाहिलं नव्हतं. पण मग सुरक्षिततेचंही सांगा. एट हंड्रेडचा पत्रा किती पातळ होता! वजनात दोन्ही गाड्यांमध्ये दोनशे किलोंहून जास्त फरक आहे. चिखलणीच्या दिवसांत शेताकडच्या रस्त्यानं चाललेल्या एट हंड्रेडची तळाची बाजू मी लिफ्टवर उचलून बघितली आहे. दोन-तीन पावसाळ्यांत पायाखालचा पत्रा चाळणी झालेला. पद्मिनीलाही गंज लागायचा, पण तिथं पॅच मारायला पत्रा तरी शिल्लक असायचा.

शिक्षिका : सुरक्षिततेत दोघींनाही गुण देऊ नका. एअरबॅग एकीलाही नव्हती. जड पत्रा म्हणजे आतला माणूस वाचला असं होत नाही. तो ताकदीचा भास आहे आणि त्या भासावर विसंबून कुणी गाडी जपू नये. ड्रमच्या ब्रेकवरची जड गाडी थांबायलाही वेळ घेते. गंजाचं मात्र मान्य.

(इथं माझी, हा संवाद लिहिणाऱ्याची, एक नोंद. हे दोघं दोन लहान गाड्यांची तुलना करतात, पण पद्मिनी लहान आराखड्याची गाडी नव्हतीच. इटलीत ती मध्यम कुटुंबाची, चार दारांची नेहमीची मोटार होती. लांबी चार मीटरला थोडी कमी. आपल्या रस्त्यांवर ती अॅम्बेसेडरच्या शेजारी उभी राहिली म्हणून लहान दिसली. एट हंड्रेड साडेतीन मीटरच्याही आत, ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. तिचा प्रत्येक भाग कमी पत्र्यात, कमी पेट्रोलमध्ये चार माणसं बसवायची या हिशेबानं बेतलेला. एकीचं लहानपण शेजारणीमुळे, दुसरीचं जाणूनबुजून. मला वाटतं, कुणाच्या दारात कोण पोचलं या वादाची अर्धी उकल इथंच आहे. जी गाडी लहान व्हावी म्हणून कुणी बसून विचारच केला नाही, तिच्याकडून लहान माणसापर्यंत पोचण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे.)

मिस्त्री : बरं, पोचण्याचंच घेऊ. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या एट हंड्रेडची किल्ली दिली. १८ जानेवारी २०१४ ला उत्पादन थांबलं. तीस वर्षांत सत्तावीस लाखांच्या आसपास गाड्या देशात विकल्या गेल्या. मग त्या आहेत कुठं? रस्त्यावर नजर टाका. पद्मिनी मुळात थोड्या होत्या, तरी एखाद्या वाड्यात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी का होईना, ती उभी सापडते. मालकाला ती विकवत नाही. एट हंड्रेड मात्र लोकांनी वापरली, मुलाच्या हाती शिकायला दिली, मग दुसऱ्या कुणाला विकली, मग तिसऱ्याला, आणि शेवटी किलोच्या भावानं भंगारात. जिच्यावर लोकांचं इतकं प्रेम होतं असं तुम्ही सांगता, तिला कुणी राखून का ठेवलं नाही?

शिक्षिका : कारण ती कामाची होती. कामाच्या वस्तू झिजून संपतात. देव्हाऱ्यातलं भांडं टिकतं आणि रोजचा तवा बदलावा लागतो, यावरून घर कशावर चाललं ते ठरत नाही. आणि त्या सत्तावीस लाखांत पद्मिनीचंही उत्तर आहे. पहिली गाडी सोडतीत ज्यांना लागली ते दिल्लीचे हरपाल सिंग. त्यांनी ती घेण्यासाठी आपली फियाट विकली होती. फियाट विकून एट हंड्रेड घेणारा तो माणूस २०१० मध्ये वारला तोवर त्यानं ती गाडी सोडली नाही. नंतर ती घराबाहेर उन्हापावसात गंजत पडली होती. पुढं कंपनीनं ती डागडुजी करून आपल्या मुख्यालयात ठेवली. म्हणजे राखून ठेवणारे इथंही होते. फक्त बाकीच्यांकडे राखायला जागा नव्हती. वाडा असला तर गाडी उभी ठेवता येते काका. दोन खोल्यांच्या घरापुढं बंद गाडी कोण ठेवील?

मिस्त्री : हरपाल सिंगांची राहिली कारण ती पहिली होती. लालबहादूर शास्त्रींची फियाटही तशीच राहिली. १९६४ मध्ये त्यांनी ती घेतली बारा हजारांना. त्यातले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. पंतप्रधान असून कर्ज! ते गेल्यावर त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून ते फेडलं. ती गाडी दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात आहे. मला त्या दोन्ही गाड्यांबद्दल आदर आहे. पण नामांकित माणसाची गाडी जपली जाते तेव्हा माणूस जपला जातो, गाडी नाही. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं बघा. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २००३ सालची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. टॅक्सी संघटना निदान एक तरी गाडी जपा म्हणून सांगत होती. ज्या कुर्ल्यात त्या बनल्या, तिथल्या कारखान्याच्या जागेवर इमारती झाल्या. सांगायचा मुद्दा, साध्या माणसाच्या साध्या गाडीला कुणी वाली नाही, मग ती पद्मिनी असो की एट हंड्रेड.

शिक्षिका : आता आपण जवळ आलो. आणि इथंच कायदा मध्ये येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम घातला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, चासी-बॉडी-इंजिनमध्ये मोठे फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. वीस हजार शुल्क. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांपुरती रस्त्यावर. आता हिशेब करा. १९६४ ची फियाट यात सहज बसते. १९७४ ची पद्मिनी बसू लागली आहे. आणि पहिली एट हंड्रेड पन्नाशी गाठणार २०३३ च्या डिसेंबरात. आपल्याकडे ज्या गाड्या आल्या त्या बहुतेक नव्वदीतल्या, त्यांची पन्नाशी २०४० नंतर. तोवर त्यांना कुठलंही संरक्षण नाही. पंधरा वर्षांनी फिटनेस, मग दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये ते शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. वर पर्यावरण कर, विमा, गोंदियाला आरटीओत गाडी दाखवायला नेण्याचा खटाटोप. ज्या गाडीची बाजारात किंमतच तीस-चाळीस हजार, तिच्यावर असा खर्च कोण करील? पद्मिनी वाचली कारण ती वेळेत म्हातारी झाली. एट हंड्रेड अजून नुसतीच जुनी आहे, आणि जुन्या गाडीला आपल्या कायद्यात जागा नाही.

मिस्त्री : हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. म्हणजे जी आज हौशी लोकांना हवी आहे ती वाचणार, आणि जी उद्या हवी वाटेल ती उद्या येईपर्यंत भंगारात गेलेली असणार. पण त्या नियमातली एक अट पद्मिनीलाही जड आहे. फेरफार न केलेली! आपल्या भागातल्या कित्येक फियाटमध्ये पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं गेलं. कुणी गॅसचं किट लावलं. कुणी गिअर खाली, फरशीवर आणला. मूळ भाग काढून काय केलं हे आता कुणाला आठवत नाही. गावानं दुरुस्त करून करून गाडी जिवंत ठेवली, आणि तेच तिच्या विरोधात गेलं. मला हा नियम अर्धवट वाटतो. रस्त्यावर पोट भरणाऱ्या गाडीचा इतिहास तिच्यात झालेल्या बदलांत असतो. ती कारखान्यातून जशी निघाली तशीच हवी असेल तर फक्त शोभेच्या गाड्याच पात्र ठरतील.

शिक्षिका : मग तुमच्या पक्षाला तिथं भोक पडतं ना. तुम्ही म्हणता, पद्मिनी जपा कारण ती गावात दुरुस्त होते. पण गावात दुरुस्त झालेली पद्मिनी नियमात बसत नाही, आणि नियमात बसणारी पद्मिनी गावात दुरुस्त झालेली नसते. ती नागपूर-पुण्यातल्या हौशी मालकाची असते, नवा रंग लावलेली, क्रोम चकाकणारी. त्या गाडीकडे बघून अर्जुनीच्या गॅरेजबद्दल काय कळणार? भिजवलेलं फडकं कुठल्या प्रदर्शनात ठेवणार आहात?

मिस्त्री : तेच तर. म्हणून माझं म्हणणं, गाडी चालती ठेवली पाहिजे. उभी ठेवलेली गाडी मरते. टाकी गंजते, ब्रेकचे रबर चिकटतात, वायरिंग उंदीर खातात. आणि चालती ठेवायला हात लागतात. कार्ब्युरेटर कानानं ऐकून बसवणारे लोक माझ्या वयाचे आहेत. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुने रबरी पाइप, पंपातला पडदा, गॅस्केट, हे सगळं त्यानं फुगतं, कडक होतं, गळतं. नवे, इथेनॉल सोसणारे पाइप घालावे लागतात. ते करता येतं, पण करायचं आहे हे माहीत असावं लागतं. पद्मिनी जपायची म्हणजे हे ज्ञान जपायचं. एट हंड्रेडच्या बाबतीत असं ज्ञान आहे का, सांगा. तिला कुणी ऐकत बसत नाही.

शिक्षिका : आहे, फक्त ते मिस्त्रीकडे कमी आणि मालकांकडे जास्त आहे. एका एट हंड्रेडमध्ये सात माणसं आणि तांदळाची पोती कशी बसवायची. कॅरिअरवर नवरीची पेटी कशी बांधायची. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी एट हंड्रेड, जिच्यावर या तालुक्यातल्या कितीतरी बाया गाडी शिकल्या, तिचा शेजारी बसणाऱ्या सरांसाठीचा जादा ब्रेक. हे तुम्हाला यंत्राचं ज्ञान वाटत नसेल. पण पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या माणसांच्या देशाचं ज्ञान यातच आहे. म्हणून मला कारखान्यातून निघाल्यासारखी एट हंड्रेड नको. सीट कव्हर चढवलेली, दाराला शेजारच्या मोटारसायकलचा ओरखडा पडलेली, मागच्या काचेवर गावाचं नाव लिहिलेली हवी. तुमची पद्मिनी टंचाईच्या काळाची साक्ष आहे आणि माझी एट हंड्रेड मुबलकतेच्या सुरुवातीची. टंचाईतल्या वस्तू लोक आपोआप सांभाळतात. मुबलक वस्तू मुद्दाम सांभाळावी लागते, आणि मुद्दाम सांभाळायची सवय आपल्याला नाही.

मिस्त्री : तरीही जागा एकच असेल, पैसा एकीपुरताच असेल, तर मी पद्मिनीच ठेवीन. एट हंड्रेडही १९८६ नंतर जवळपास त्याच अंगानं २०१४ पर्यंत चालली, हे विसरू नका; बंद दाराचा दोष तुम्ही कुर्ल्याला लावलात, मग मारुतीच्या गुडगावचं दार तर उघडं होतं. पण माझं खरं कारण वेगळं आहे. पद्मिनी उघडून एखाद्या आयटीआयच्या पोराला मोटार म्हणजे काय ते एका दिवसात दाखवता येतं. गिअर, क्लच, प्रोपेलर, डिफरन्शिअल, सगळं सुटं, एकामागे एक. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एट हंड्रेडमध्ये हे सगळं एका गाठोड्यात आहे. शिकवायला पद्मिनी लागते.

शिक्षिका : १९८६ चं म्हणणं खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. स्वस्त गाडी स्वस्त ठेवायची तर साचे बदलता येत नाहीत, एवढं मी म्हणेन, पण ते पूर्ण उत्तर नव्हे. शिकवण्याचं मात्र मी तुमच्यावर उलटवते. पद्मिनी समोर ठेवून तुम्ही पोरांना यंत्र शिकवाल. एट हंड्रेड समोर ठेवून मी त्यांना विचारीन, की तुमच्या आईनं, मावशीनं पहिल्यांदा स्टिअरिंग कधी धरलं. दोन्ही धडे लागतात. दोन्हींना जागा कुठली, हे मला आज सांगता येत नाही. तालुक्यात वस्तुसंग्रहालय नाही. आयटीआय जुनी गाडी घेते ती कापून दाखवायला. शाळेच्या पटांगणात ठेवली तर पहिल्या पावसातच गंजेल.

मिस्त्री : आणि कापलेली गाडी पन्नाशी गाठत नाही.

संवाद इथं थांबला, वाद नाही. ज्यांच्या अंगणात पद्मिनी किंवा एट हंड्रेड उभी असेल त्यांना माझी विनंती : आज आरसी काढून तिच्यावरची मुदतीची तारीख बघा. मुदत टळली असेल तर गाडी भंगारवाल्याला दाखवण्याआधी गोंदियाच्या आरटीओत नूतनीकरणाची चौकशी करा. इंजिन बदललं असेल आणि जुनं इंजिन गोठ्यात पडलेलं असेल, तर ते विकू नका.